मशरूमचं सीरम घ्यावं, की धिंगरी वाटून लावली तरी चालेल?

ताई, तुमचा चेहरा कोरडा पडतो, गालांवर वांगाचे डाग आलेत, आणि मशरूमचं महागडं सीरम घ्यावं की घरचीच अळंबी वाटून लावावी, असं तुम्ही विचारलंय.

मी परभणीजवळच्या गावात धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळंबी, पिकवते. वाटून लावून पाहिलीय. दोन आठवडे रोज लेप दिला. डाग तसेच राहिले आणि गाल चरचरायला लागले. अळंबीतलं बीटा-ग्लुकन, म्हणजे सीरमसाठी काढतात ती शर्करा, पेशींच्या भिंतीत कायटिनसोबत घट्ट गुंतलेलं असतं. खेकड्याच्या कवचात असतं तेच कायटिन. नुसतं मिक्सरमधून काढून ते सुटत नाही, गरम पाण्यात अर्क काढावा लागतो. म्हणून धिंगरी भाजीतच घाला, नीट शिजवून.

सीरमचं म्हणाल, तर आधी बाटलीवर कोणतं मशरूम लिहिलंय ते बघा. कोरडेपणासाठी ट्रेमेला चांगलं. चीनमध्ये खातात ती पांढरी, जेलीसारखी अळंबी. तिच्यातली शर्करा पाणी धरून ठेवते. मात्र आपल्याकडची हवा लक्षात घ्या. धिंगरीला ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. एप्रिलमध्ये शेडची गोणपाटं सुकली की तिच्या कडा तडकतात. गालांचंही तसंच होतं. तोंड धुतल्यावर कातडी ओलसर असतानाच सीरम लावा आणि वरून साधं मॉइश्चरायझर लावा, नाहीतर धरलेलं पाणी उडून जातं. घटकांच्या यादीत ट्रेमेलाचं नाव पार शेवटी, सुगंधाच्याही खाली असेल, तर मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

वांग वेगळं. त्यावर ट्रेमेलाचा उपयोग नाही, तिथे कोजिक अ‍ॅसिड कामाला येतं. ते अळंबीतून आलेलं नाही. १९०७ साली जपानमध्ये साइतो या शास्त्रज्ञांना ते भात आंबवायला वापरतात त्या कोजी नावाच्या बुरशीत सापडलं. कातडीचा काळा रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला तांबं लागतं, आणि कोजिक ते तांबंच पकडून ठेवतं. त्यामुळे नवा रंग कमी बनतो. जुना डाग हळूहळू, महिन्यांच्या हिशोबाने फिका होतो. काहींना याने खाज, लाली येते. युरोपात चेहऱ्याच्या उत्पादनांत ते १ टक्क्यापर्यंतच चालतं, म्हणून जास्त टक्केवारीच्या मागे लागू नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघा. उघड्यावर ते तपकिरी पडतं, तेव्हा झाकण घट्ट लावत जा.

आणि सनस्क्रीन नसेल तर हे सगळं वाया. वांग नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, साध्या उजेडानेही वाढतं, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या. शेतात जाताना तोंडाला स्कार्फ बांधत असाल तरी लावा.

मला खरी काळजी दुसरीच वाटते. आपल्याकडे मेडिकलमध्ये डाग म्हटलं की चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची ट्यूब हातात देतात. आठ दिवसांत चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, ट्यूब सोडली की आग होते. आमच्या गावात दोघींचं असं झालंय. तुम्ही सध्या तसली एखादी लावत असाल तर सीरमचं राहू द्या. ती ट्यूब घेऊन आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही तिच्यावर लिहिलंय का, तेवढं आजच बघून घ्या.