खासगी स्लीपर बसमध्ये पॅनिक बटण, जीपीएस, कॅमेरे बसवायला सरकारी अनुदान मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की मामांच्या दोन स्लीपर गाड्या इंदूर-पुणे धावतात, त्यांत ही सगळी उपकरणं बसवायची आहेत, आणि एक एजंट निर्भया निधीतून निम्मी सबसिडी मिळवून देतो म्हणतोय, फक्त ‘फाइलचे’ पैसे आधी द्यायचे. अमेरिकेत बसमालकांना असं अनुदान मिळतं ते खरं का, हेही विचारलंय.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. मी इंदूरमध्ये बसमालकांची परमिट-फिटनेसची कामं करते. निर्भयाच्या पैशातून खासगी मालकाच्या उपकरणांचं बिल भागलंय, असं एकाही फाइलीत पाहिलेलं नाही. तसं होण्याची वाटच त्या योजनेत नाही.

निर्भया निधी २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांनी सुरू झाला. त्यातून रस्ते वाहतूक मंत्रालयाला बस-टॅक्सींवर लक्ष ठेवणारी यंत्रणा उभी करायला पैसा मिळाला. पण हा पैसा राज्य सरकारांना जातो. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०; डोंगराळ आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी ९०:१०. त्यातून राज्याचं नियंत्रण केंद्र, सर्व्हर, सॉफ्टवेअर आणि स्क्रीनसमोर बसणारी माणसं यांचा खर्च निघतो. गाडीतलं यंत्र मालकानं स्वतःच्या खिशातून घ्यायचं. या टक्क्यांचाच आधार घेऊन कोणी ‘निम्मी सबसिडी’ सांगत असेल, तर ते टक्के केंद्र आणि राज्यातले आहेत, मामांचा त्यात वाटा नाही.

सरकारी महामंडळांना मात्र थेट पैसा मिळालेला आहे. उत्तर प्रदेश परिवहनच्या गुलाबी बस याच निधीतून आल्या, बंगळुरूच्या शहर बससेवेलाही मिळाला. आपल्या मध्य प्रदेशाने राज्य परिवहन महामंडळ २००५ सालीच गुंडाळायला काढलं. म्हणजे ज्या दारातून हा पैसा बसपर्यंत पोचतो ते दारच इथे राहिलं नाही, आणि लांब पल्ल्याचा जवळपास सगळा प्रवासी खासगी गाडीत बसतो. मला ही गोष्ट मनापासून लागते. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत जे घडलं ते खासगी बसमध्येच घडलं, आणि त्या मुलीच्या आठवणीत उभा राहिलेला निधी खासगी बसच्या पायरीपाशी थांबतो. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतल्या मुली पुण्यात शिकतात, नोकरी करतात, आणि दिवाळीला याच गाड्यांनी एकट्या घरी येतात.

अमेरिकेबद्दल तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा ३ ऑक्टोबरला टेनेसी राज्यात ग्रेहाउंड या खासगी बसकंपनीच्या धावत्या बसमध्ये एका प्रवाशाने चालकाचा गळा चिरला. चालक वाचला, पण बस उलटून हल्लेखोरासह सात जण गेले. पुढे तिथे आंतरशहरी बससुरक्षेसाठी खास अनुदान सुरू झालं आणि ते खासगी कंपन्यांनाही मिळू लागलं: चालकाच्या आसनाभोवती संरक्षण, गाडीचा माग आणि संपर्क, प्रवासी-सामानाची तपासणी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. रक्कम फार मोठी नव्हती, अलीकडच्या काही वर्षांत सगळ्या देशाला मिळून वर्षाला वीस-तीस लाख डॉलर. मला त्यातली आवडलेली गोष्ट निराळीच आहे. आपल्या सेवेत धोका कुठे आहे हे तपासून सुरक्षेची लेखी योजना आधी करायची, उपकरणांचे पैसे त्यानंतर. ही अट आपल्या राज्याने उचलावी आणि सोबत थोडा पैसाही द्यावा, असं मी आमच्या बसमालकांना प्रत्येक बैठकीत सांगते.

तोवर मामांनी काय करायचं? दोन्ही गाड्यांच्या नोंदणीची तारीख बघा. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या नव्या प्रवासी गाड्यांना एआयएस-१४० मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आणि आपत्कालीन बटणं सक्तीची आहेत, तेव्हा ती असायलाच हवीत. गाडी त्याआधीची असेल तर आपल्या राज्याचा सध्याचा आदेश नायता मुंडल्याच्या आरटीओत विचारा, एजंटाला नाही. अशा यंत्रात उपग्रहावरून जागा कळण्याची सोय असते, सिम असतं आणि गाडीची बॅटरी तोडली तरी चालणारी आतली बॅटरी असते. बटण दाबलं की इशारा राज्याच्या नियंत्रण केंद्रात जायला हवा. पण माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत यंत्र असूनही सिमचं रिचार्ज संपलेलं असतं, किंवा गाडी विकली गेली तरी नोंद जुन्याच मोबाइल नंबरवर असते. दिवा लुकलुकतो आणि पलीकडे कोणाला काही कळत नाही. म्हणून विक्रेत्याचं बिल चुकतं करण्याआधी, नियंत्रण केंद्राला कळवून, त्याच्यासमोर एकेक बटण दाबून बघा आणि इशारा पोचल्याची खात्री तिथेच करून घ्या. वरच्या बर्थवर आडवं होऊन हात पोचतो का तेही बघा; पडदे आणि गादीची कव्हरं बदलताना बटण त्यांच्यामागे गाडलं जातं.

बिनखर्चाची कामं कॅमेऱ्याआधी करा. सियागंजच्या घाऊक बाजारातून येणारं पार्सल नाव, नंबर आणि ओळखपत्र घेतल्याशिवाय डिकीत जाऊ देऊ नका. प्रवाशांची यादी ऑफिसातही राहू द्या. बदली चालक-क्लीनर पाठवताना त्याची पोलीस पडताळणी झालेली असू द्या. रात्री जेवणासाठी थांबायचा ढाबा ठरलेला असावा, उजेड आणि बायकांसाठी स्वच्छतागृह असलेला. गाडी हलण्याआधी डोकी मोजायची.

आणि मामांना एक विचारा: रात्री दोन वाजता सेंधव्याच्या पुढे घाटात कोणी बटण दाबलं, तर क्लीनरने काय करायचं? गाडी कुठे उभी करायची, ११२ ला कोणी फोन लावायचा, मध्य प्रदेशची हद्द संपून महाराष्ट्र लागला असेल तर जागा कशी सांगायची, ऑफिसात त्या वेळी फोन कोण उचलणार? याची उत्तरं मराठीत आणि हिंदीत एका कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. कागद कसा लिहायचा ते हवं असेल तर खाली विचारा, आमच्या गाड्यांत लावलेला मजकूर मी इथेच टाकते.