क्षमा झाली, मग घर का सावरत नाही?

ख्रिस्ती कुटुंबांत समुपदेशन करताना एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो: माझा पश्चात्ताप खरा असेल, तर पापाचे भोग अजून का सरत नाहीत?

साठी उलटलेले एक गृहस्थ हाच प्रश्न घेऊन आले होते. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) आयुष्यभर ट्रक चालवला. दारूपायी जमीन गेली, बायकोने मार खाल्ला. पुढे दारू सुटली, ते मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, परतले. आता त्यांचा मुलगा पितो. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ वाटल्या जाणाऱ्या भाकरीचं, ताट समोर आलं की हे गृहस्थ भाकरीला हात न लावता ते शेजारच्याकडे सरकवायचे. पाळकसाहेबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं.

“ताई, देवाने मुद्दल सोडलं असेल, पण व्याज पोराकडून वसूल करतोय,” ते म्हणाले.

अशा वेळी पाप करून पस्तावलेला दावीद राजा किंवा बापाकडे परतलेला उधळा पुत्र यांची गोष्ट सांगितली तर माणूस नुसती मान डोलावतो, कारण ती त्याने शंभरदा ऐकलेली असते. मी त्यांना बायबलमधला २ इतिहास या पुस्तकाचा ३३वा अध्याय वाचायला दिला. यहूदा राज्याचा राजा मनश्शे. हिज्कीयासारख्या देवभीरू बापाचा मुलगा, बाराव्या वर्षी गादीवर आला आणि यरुशलेमात ५५ वर्षं राज्य केलं. मंदिरात मूर्ती बसवली, बेन-हिन्नोमच्या खोऱ्यात पोटच्या पोरांना अग्नीत अर्पण केलं. ते मोठ्याने वाचत होते, पोरांच्या ओळीवर थांबले. बराच वेळ बोट तिथेच होतं.

मग अश्शूरचे सरदार मनश्शेला आकडे घालून, पितळी बेड्यांनी जखडून बाबेलला नेतात. तिथे तो नम्र होतो, प्रार्थना करतो. देव ती ऐकतो आणि त्याला यरुशलेमला, त्याच्या गादीवर परत आणतो. मला या अध्यायात सगळ्यात थक्क करतं ते हेच. ज्याने पोटच्या लेकरांवरही दया दाखवली नाही, त्याचं रडणं देवाने ऐकलं.

गृहस्थांनी लगेच विचारलं, “मग पुढे सगळं नीट झालं?”

नाही झालं. मनश्शेने मूर्ती बाहेर फेकल्या, वेदी दुरुस्त केली, पण लोक उच्च स्थानी, म्हणजे मंदिराबाहेरच्या जुन्या पूजास्थानांवर, यज्ञ करतच राहिले. मुलगा आमोन बापाच्या जुन्याच वाटेने गेला आणि दोनच वर्षांत त्याच्याच चाकरांनी त्याला मारलं. राजांच्या पुस्तकात तर मनश्शेच्या पश्चात्तापाचा शब्दही नाही. यहूदाच्या नाशाचं कारण म्हणून मात्र त्याचं नाव येतं. दोन्ही नोंदी एकाच बायबलमध्ये आहेत, आणि मला त्या दोन्ही हव्या आहेत. घडलेलं नुकसान खरं होतं. झालेली क्षमाही खरी होती.

व्याजाच्या गोष्टीवर मी त्यांना यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८वा अध्याय दाखवला. बापाच्या पापाचा भार मुलावर पडणार नाही, असं तिथे देव स्वतः सांगतो. मुलगा पितो तो देवाच्या वसुलीमुळे नव्हे. लहानपणी त्याने घरात जे पाहिलं त्याचा त्यात वाटा असेल, आणि आज तो स्वतः काय निवडतो याचाही. बापाचा वाटा बापाने कबूल करायचा. मुलाचा वाटा मात्र त्याने उचलायचा नाही.

आणखी एक हिशेब आम्ही मिळून केला. आमोननंतर त्याचा मुलगा योशीया आठव्या वर्षी राजा झाला, म्हणजे आजोबा मनश्शे वारला तेव्हा तो साधारण सहा वर्षांचा असणार. आजोबांनी त्याला काय शिकवलं हे बायबल सांगत नाही. पण त्याने पाहिलेला आजोबा बहुधा बदललेलाच होता. यावर गृहस्थ म्हणाले, “माझा नातू पहिलीत आहे.”

कामाची सुरुवात मात्र सून आणि नातू घरात सुरक्षित आहेत का, इथूनच केली. मुलगा चिडला तर रात्री कुणाकडे जायचं, हे सुनेशी ठरवून घेतलं. मग त्यांनी बायकोची माफी मागितली, आणि तिने लगेच ‘माफ केलं’ म्हणावं ही अपेक्षा ठेवायची नाही, हे आधी मान्य केलं. ती काही बोलली नाही. मुलाला ते म्हणाले, “मी तुला हे दाखवलं, ते चुकलं.” व्यसनमुक्ती केंद्रात त्याच्यासोबत गेले. तो उपचार अर्धवट सोडून घरी आला.

गृहस्थ अजून येतात. आता बोलणं बहुतेक सुनेच्या भीतीबद्दल आणि मुलाला पुन्हा केंद्रात कसं न्यायचं याबद्दल असतं. देवाने मला माफ केलं का, हे त्यांनी बऱ्याच दिवसांत विचारलेलं नाही.