पहिल्या गाडीला गंज चढवताना

पहिलाच प्लास्टिकच्या गाडीचा जोडकाम किट म्हणून रेड बॅरन आणलास, झकास! छपराऐवजी भलंमोठं जर्मन शिरस्त्राण घातलेली ही गाडी मोनोग्राम या मॉडेल किटच्या कंपनीनं 1968 मध्ये काढली, आणि तिची मजाच अशी की चुकलं तरी गाडी खरी वाटत नाही म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

आधी सगळे भाग भांड्याच्या साबणानं धू. साच्याचं तेलकटपण राहिलं की रंग सालीसारखा निघतो. चकचकीत क्रोम भागांवर जिथं सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, लावायचं तिथलं क्रोम खरवडून काढ, नाहीतर जोड धरणारच नाही. मी पहिल्या वेळी तसंच चिकटवलं, एक्झॉस्ट पाइप आठवड्यात गळून पडले.

आता गंज. आधी तांबूस तपकिरी रंग, तो वाळला की हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिकचा लाल. तासाभरात ओल्या ब्रशनं हलकेच घास, कडांना लाल सुटतो नि खालचा गंज डोकावतो. सगळीकडे घासू नकोस लेका! बाजाराच्या दिवशी स्टँडवरच्या जुन्या जीपा निरखून बघ: रंग उडतो तो दाराच्या कडीपाशी, पायरीवर, बोनेटच्या कडेला.

चिखलाला तांबडी पावडर विकत घेऊ नकोस. आपली माती काळी, वाळली की राखाडी दिसते. वावरातलं ढेकूळ कुटून मलमलीतून चाळ, मॅट वार्निशमध्ये कालवून चाकांमागं थापट.

आणि मे महिन्यात रंगकाम पहाटे उरक. दुपारी ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं.