राजीनाम्यावर सही करायची का?

प्रश्न: रांजणगावच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी एसएमटी लाइनवर (सर्किट बोर्डवर सुटे भाग बसवण्याची लाइन) कायम कामगार आहे. सेवा 7 वर्षे 8 महिने, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये. ऑर्डर घटल्या म्हणून एचआरवाले राजीनामा मागतायत, ‘लगेच फुल अँड फायनल (शेवटचा सगळा हिशेब) करतो’ म्हणतात. देऊ का?

उत्तर: अजिबात देऊ नका. काम घटलं म्हणून कंपनी माणसं कमी करते, तेव्हा ती कामगार कपात ठरते. राजीनामा दिलात की कागदोपत्री तुम्ही स्वखुशीने गेलात, आणि कपातीची भरपाई बुडते.

तुमचाच हिशेब पाहा. ग्रॅच्युइटी दोन्ही बाबतींत मिळते. 18,200 भागिले 26 म्हणजे रोजचे 700, पंधरा दिवसांचे 10,500. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून आठ वर्षांचे 84,000. कपात असेल तर शिवाय महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी 18,200, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. इथे 26 ने भागायचं नाही, सरळ अर्धा पगार धरायचा: 9,100 गुणिले आठ, 72,800. एका सहीने 91,000 रुपये जातात! 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्या कामगारांसाठीचा निधी) आणखी पंधरा दिवसांच्या पगाराची तरतूद आहे, तीही 45 दिवसांत खात्यावर.

‘राजीनामा देणार नाही, कपात असल्यास लेखी नोटीस द्यावी,’ एवढंच आजच ईमेलने कळवा. कोऱ्या कागदावर सही नको. दबावाखाली सही झालीच असेल तर त्याच दिवशी तसं लेखी कळवून प्रत कामगार उपायुक्त कार्यालयात द्या आणि पोच घ्या. ज्येष्ठता यादीही मागा: एकाच कामाच्या गटात शेवटी आलेला सहसा आधी जातो. कारखान्यात 300 किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची आगाऊ परवानगी लागते.

प्रश्न: आम्हाला काढलेलं नाही, पण आठवड्यातले तीन दिवस काम देत नाहीत. त्या दिवसांचा पगार?

उत्तर: हा ले-ऑफ. कारखान्यात 50 किंवा जास्त कामगार, तुमचं एक वर्ष पूर्ण आणि नाव मस्टरवर (हजेरीपटावर) असेल, तर त्या दिवसांचा निम्मा मूळ पगार व महागाई भत्ता मिळतो. बदली कामगारांना (दुसऱ्याच्या जागी कामावर येणाऱ्यांना) नाही. घरी बसून राहिलात तर हक्क जाऊ शकतो. शिफ्टच्या वेळेला गेटवर हजर राहा, दोन तासांत काम दिलं नाही तर तो दिवस ले-ऑफचा. हजेरीची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवा.