चिंचेला कायद्याचे कवच आहे, वडाचे काय?

प्रश्न : आमच्या गावातील रस्ता रुंद होणार आहे. चुलत्यांच्या बांधावरील चार जुन्या चिंचा आणि चावडीसमोरचा वड यांच्या खोडांवर गेल्या आठवड्यात कोणीतरी लाल रंगाने आकडे टाकून गेले. ही झाडे तोडण्यापासून कायदा वाचवू शकतो का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : चिंचांच्या बाबतीत तुमची बाजू बरीच भक्कम आहे. महाराष्ट्रात 1964 पासून झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा लागू असून त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर, चंदन, ऐन, अंजन अशा मोजक्या जातींची नावे आहेत. ही झाडे स्वतःच्या शेतात असली, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून खुद्द मालकालाही ती तोडता येत नाहीत. झाड वाळलेले, वाऱ्याने पडलेले किंवा जीविताला धोकादायक असेल, तर परवानगी मिळते. मात्र परवानगी देताना नवी झाडे लावण्याची अट घालता येते. तुमच्या तालुक्यात हा अधिकार कोणाकडे आहे, ते तहसील कचेरीत किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. बांधाची जमीन रस्त्यासाठी संपादित होणार असेल, तर 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार झाडांचे मूल्यही मोबदल्यात धरावे लागते. म्हणून चुलत्यांनी ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल अॅपवरून होणाऱ्या सातबाऱ्यावरील पीक नोंदीत, बांधावरच्या झाडांची नोंद केली आहे की नाही, हे आजच पाहावे.

वडाची गोष्ट मात्र अवघड आहे, कारण त्या अनुसूचीत वड नाही आणि पिंपळही नाही. ज्या झाडाखाली गावाची पंचायत बसली, त्यालाच कायद्याने नावानिशी संरक्षण देऊ नये, ही मला फार मोठी उणीव वाटते. पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानण्याची 2021 ची तरतूद आहे, पण ती नागरी क्षेत्रांच्या 1975 च्या कायद्यातील असल्यामुळे ग्रामपंचायत हद्दीत उपयोगी पडत नाही. इथे जागेच्या मालकीला महत्त्व येते. चावडीची जागा सरकारी असेल, तर महसूल संहितेनुसार तेथील झाडही सरकारचे आहे आणि ठेकेदार ते सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तोडू शकत नाही.

तुमच्याच जिल्ह्यातील भोसे गावचे उदाहरण आठवा. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या आड येणारा, सुमारे 400 वर्षांचा मानला जाणारा वड 2020 साली वाचला, तो गावकरी आणि वृक्षप्रेमी हटून बसले आणि आखणीत बदल झाला म्हणून. तो वड 2022 च्या पावसाळ्यात उन्मळून पडला, पण रस्त्यासाठी तो तोडला गेला नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत वडाचा ठराव मांडा. ‘झाडे वाचवावीत’ एवढेच न लिहिता गट क्रमांक, झाडाची जात, खोडाचा घेर, त्यावर रंगवलेला आकडा आणि रस्ता कोणत्या बाजूला सरकवता येईल, हे त्यात नमूद करा आणि ठरावाची प्रत तहसीलदार व रस्त्याचे काम करणाऱ्या विभागाला देऊन पोच घ्या. ठरावाने तोड आपोआप थांबत नाही, पण गावाचा विरोध नोंदीवर येतो. सोबत माहितीच्या अधिकाराचा 10 रुपये शुल्काचा अर्ज करून वृक्षतोडीच्या आदेशाची प्रत मागा. त्याच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज याच आठवड्यात द्या. आदेश न दाखवता कोणी करवत घेऊन आलेच, तर तलाठी आणि वनरक्षक यांना तिथेच बोलावून पंचनामा करण्याचा आग्रह धरा.