एम.डिव्ह. की एम.ए.?

प्रश्न : तत्त्वज्ञानात बी.ए. झालंय. ख्रिस्ती थिऑलॉजी शिकून पुढे विद्यापीठात शिकवायचं आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. एम.डिव्ह. करू की एम.ए.?

उत्तर : एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) नको. अमेरिकी पद्धतीची ही साधारण ३ वर्षांची पदवी मुळात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घडवण्यासाठी आहे. प्रवचन कसं द्यायचं, आजारी आणि शोकातल्या माणसांना आधार कसा द्यायचा, हे त्यात शिकवतात. चर्चमध्ये प्रत्यक्ष कामही असतं. अनेक सेमिनरी (पाळकांना शिकवणाऱ्या संस्था) पाळकाचं शिफारसपत्र मागतात, काही ठिकाणी श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही लागते. तुमच्यासाठी २ वर्षांचं एम.टी.एस. (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) किंवा धर्म-अभ्यासातलं एम.ए. बरं. ब्रिटनमध्ये एम.ए. वर्षात उरकतं, पण मग ग्रीक, हिब्रू या बायबलच्या मूळ भाषांना वेळ उरत नाही.

आणि खरी अडचण भाषांचीच आहे. पीएच.डी.चे अर्ज बहुधा तिथंच अडतात.

बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात घ्या. मराठीत ‘प्रारंभी शब्द होता’ असं वाचतो. मूळ ग्रीकमध्ये ‘लोगॉस’ आहे. त्यात बोलणं आणि विवेक, दोन्ही येतं. त्याच वचनाच्या शेवटच्या भागात ‘थेऑस’ म्हणजे देव हा शब्द आधी येतो, पण उपपदाशिवाय (उपपद म्हणजे इंग्रजी ‘द’सारखा शब्द). ‘लोगॉस’ला मात्र ‘हो’ हे उपपद आहे. म्हणून कर्ता लोगॉस. ‘थेऑस’आधी नसलेल्या या एका उपपदावर शतकानुशतकं वाद झालेत, आणि भाषांतरात हा फरक दिसतही नाही.

नव्या करारात ५० किंवा जास्त वेळा येणारे शब्द ३०० हून थोडेच जास्त आहेत. तेवढ्यात जवळजवळ ८० टक्के मजकूर येतो. रोज ५ शब्द केले तर साधारण २ महिन्यांत होतात. विद्यार्थी गळतात ते शब्दांपाशी नाही, क्रियापदांच्या धातुसाधितांपाशी. शाळेत संस्कृत झालं असेल तर आत्मनेपद आठवा. ग्रीकचा ‘मिडल व्हॉइस’ त्याचाच भाऊबंद. व्याकरण संपलं की पौलाच्या पत्रांना हात लावू नका, योहान वाचा. त्याची वाक्यं सोपी आहेत. जुन्या करारावर काम करायचं ठरलं तर हिब्रू आधी. संशोधनासाठी पुढे वाचण्यापुरती जर्मनही लागेल.

अर्जात ‘लहानपणापासून अध्यात्माची ओढ’ हे वाक्य लिहू नका. निवड समिती ओढ नाही, प्रश्न शोधते. ‘मला ख्रिस्ती धर्म समजून घ्यायचा आहे’ हा प्रश्न नव्हे, ‘इ.स. ३२५ च्या नायकेया परिषदेनंतर “होमोऊसिऑस” (ख्रिस्त आणि देवपिता एकाच तत्त्वाचे) या शब्दाला विरोध का टिकला?’ हा प्रश्न आहे. लेखनाचा नमुना म्हणून तत्त्वज्ञानातला निबंध चालेल, पण त्यात एका उताऱ्यावर तुमचा स्वतःचा युक्तिवाद हवा. सारांश नको. तुम्ही ख्रिस्ती नाही ही विद्यापीठाच्या विभागात अडचण नसते. सेमिनरीत मात्र अर्जाआधी विचारून घ्या.

प्राध्यापकीच्या जागा थोड्या आणि अर्जदार भरपूर. त्यामुळे पीएच.डी.ला फी माफी आणि निर्वाहभत्ता दोन्ही मिळत नसतील, तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, प्रवेश घेऊ नका.