नाव ऐकून घाबरू नकोस, आधी आकडा विचार

प्रिय,

घरच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजवरून तू पाठवलेली, लेबलांवरच्या केमिकलच्या नावांची लिस्ट बघितली, आणि खाली तू लिहिलंयस ना, की हे सगळं आपण रोज वापरतो आणि कुणी काही बोलतच नाही, ते पण वाचलं. ही नावं वाचून तुला झोप लागली नाही यात तुझं काही चुकलं नाही, घरच्यांची काळजी वाटते म्हणूनच माणूस असं शोधत बसतो. पण आता केमिस्ट्री शिकायचं ठरवलंयसच तर हे नीट समजून घे, म्हणून जरा लांब लिहितोय.

डायहायड्रोजन मोनॉक्साइडबद्दल तू कुठेतरी ऐकलं असशीलच, म्हणजे पाणीच, फक्त केमिस्ट्रीतलं नाव चढवलेलं. 1983 साली अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या ड्युरँड गावच्या साप्ताहिकाने एप्रिल फूलच्या अंकात या 'केमिकल'पासून सावध राहा अशी गमतीची बातमी छापली, मग 1990 च्या आसपास कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यार्थ्यांनी तशाच इशाऱ्याची पत्रकं वाटली, आणि तेव्हापासून ते फिरतंय. लोक ते वाचून हसतात आणि सोडून देतात. तू सोडू नकोस, त्यातलं एकेक वाक्य घेऊन बस. 'श्वासातून आत गेल्यास मृत्यू येतो', म्हणजे बुडणं. 'वायुरूपात गंभीर भाजतं', म्हणजे वाफ. 'लोखंड गंजवतं', खरंय. 'आम्लवर्षेचा मुख्य घटक', हेही खरं, पाऊसच आहे तो. आणि सगळ्यात लबाड वाक्य म्हणजे 'कॅन्सरच्या गाठींमध्ये सापडलंय'. अरे, ते प्रत्येक पेशीत सापडतं, निरोगी पेशीत पण, पण वाक्यात निरोगी पेशीचं नावच घेतलेलं नाही, त्यामुळे वाचणारा आपोआप समजतो की याच्यामुळेच गाठ झाली. खोटं एकही वाक्य नाही बघ. सगळी फसवणूक जे लिहिलेलं नाही त्यात आहे, किती प्रमाणात, कुठल्या वाटेने शरीरात गेलं, आणि कशाच्या तुलनेत.

1997 मध्ये आयडाहोतल्या एका 14 वर्षांच्या मुलाने शाळेच्या सायन्स फेअरसाठी हेच पत्रक 50 मुलांना वाचायला दिलं आणि विचारलं काय करायचं, तर 43 जणांनी सांगितलं बंदी घाला. 2004 मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहो शहराच्या कौन्सिलपुढे फोमच्या कपांवर बंदीचा विषय आला होता, कारण काय तर ते बनवताना हे 'घातक केमिकल' लागतं, आणि मतदानाआधी कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून तो मागे घेतला. ही दोन उदाहरणं लोक मूर्ख आहेत हे दाखवायला वापरली जातात आणि ते मला अजिबात पटत नाही. त्या 43 मुलांनी समोर आलेली माहिती खरी धरली आणि त्यावरून जो निर्णय शहाणा वाटला तो घेतला. ज्याने माहिती अर्धी दिली त्याची जबाबदारी जास्त, हे कायम डोक्यात ठेव, कारण पुढेमागे माहिती देणाऱ्याच्या जागी तू असणारेस.

आता प्रमाणाचं बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. 16 व्या शतकात पॅरासेल्सस नावाचा डॉक्टर होऊन गेला, त्याने सांगून ठेवलंय की सगळ्याच गोष्टी विष आहेत, विष कुठलं आणि कुठलं नाही हे फक्त डोस ठरवतो. पाण्याला पण हे लागू आहे. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम नको तितकं खाली गेलेलं होतं, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे पळताना प्रमाणाबाहेर पाणी पिणं. असं सोडियम फार उतरलं की मेंदूला सूज येते, माणूस दगावू पण शकतो. म्हणून पाणी विषारी ठरलं का? नाही ना.

तुझ्या लिस्टमधलंच एक नाव घेऊ, सायनोकोबालामिन. तू त्याच्यापुढे लाल खूण केलीयस, 'सायनाइड असलेलं' असं लिहून. बरोबर ओळखलंयस, त्या रेणूत सायनाइडचा गट खरंच आहे, शिवाय कोबाल्ट हा धातू पण आहे. आणि ते आहे काय, तर बी12 व्हिटॅमिन, जे कमी पडलं तर नसा खराब होतात आणि अ‍ॅनिमिया होतो. आता घाबरायच्या आधी वही काढ आणि गणित कर. या रेणूचं वजन साधारण 1355, त्यातल्या सायनाइडचं 26, म्हणजे जेमतेम दोन टक्के. समजा गोळीत 1500 मायक्रोग्रॅम बी12 आहे, जे रोजच्या 2.4 मायक्रोग्रॅमच्या गरजेच्या कितीतरी पट जास्त झालं, तरी सायनाइड भरतं 29 मायक्रोग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाचा जीव जायला ते साधारण पन्नासेक मिलिग्रॅम तरी पोटात जावं लागतं, म्हणजे हजार पटीहून जास्तीचा फरक. पाच मिनिटांचं काम आहे हे, आणि ज्याने तो मेसेज बनवला त्याने हेच पाच मिनिटांचं काम केलेलं नाही, किंवा करून लपवलंय.

आणि 'सापडलं' या शब्दापासून फार सांभाळून राहा. हल्लीची यंत्रं अब्जात एक भाग इतकं कमी प्रमाण पण पकडतात, म्हणजे साधारण 32 वर्षांतला एक सेकंद. इतकं बारीक शोधायला गेलं तर जवळजवळ कशातही काहीतरी सापडणारच. फॉर्मल्डिहाइडचंच घे, लेबलवर किंवा बातमीत हे नाव दिसलं की लोक हादरतात, आणि कारखान्यात त्याची वाफ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर कॅन्सरचा धोका आहे हे खरंच आहे. पण आपलं शरीर ते स्वतः बनवतं, प्रत्येकाच्या रक्तात लिटरमागे 2 ते 3 मिलिग्रॅम असतं, ते सतत तयार होतं आणि सतत मोडलं जातं, फळांमध्ये पण असतं. त्यामुळे 'अमुक वस्तूत फॉर्मल्डिहाइड सापडलं' एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही. किती सापडलं, आणि ते श्वासातून गेलं, पोटातून गेलं की कातडीवर राहिलं, हे कळलं तर बोलू.

कॅन्सरच्या याद्यांचं थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था कशाने कॅन्सर होतो यावरून पदार्थांचे गट करते, आणि 2015 मध्ये प्रोसेस्ड मीट ज्या गटात गेलं त्यात सिगारेट पण आहे. लगेच हेडलाइन झाल्या की दोन्ही सारखेच घातक. पण ते गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही.

टक्केवारीचं मात्र नीट ऐक, कारण त्यात खरोखर लोकांचं नुकसान झालंय. 1995 मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की गर्भनिरोधक गोळ्यांच्या एका नव्या प्रकाराने रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे 100 टक्के वाढ, ऐकूनच धडकी भरते. प्रत्यक्षात आकडा होता 7000 बायकांमागे एकीचा, तो झाला दोघींचा. पण घाबरून कितीतरी जणींनी गोळ्याच बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो, हे त्या बायकांना कुणी धड सांगितलंच नव्हतं. दुप्पट हा शब्द खरा होता आणि तरी त्याने घात केला, यावर मला आजही राग येतो.

आता हे सगळं वाचून तू उलट्या टोकाला जाऊ नकोस, म्हणजे केमिकलची भीती दाखवणारा प्रत्येक माणूस खोटाच असं धरून चालू नकोस, कारण गोड नाव देऊन खरं विष खपवल्याचं पण उदाहरण आहे. 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला सापडलं की टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये घातलं की इंजिनाची खडखड थांबते. विकताना त्याचं नाव ठेवलं 'एथिल', लेड म्हणजे शिसं हा शब्दच गायब. 1924 मध्ये न्यू जर्सीच्या रिफायनरीत ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी मिजलीने पत्रकारांसमोर ते हातावर ओतून आणि हुंगून दाखवलं की बघा काही होत नाही. नंतर कित्येक दशकं ते जगभर जळत राहिलं, मुलांच्या मेंदूवर परिणाम झाले, आणि गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, त्याने 2021 मध्ये थांबवलं. म्हणून कुणी 'घाबरवू नका' म्हणालं तरी त्याला तेच विचार, आकडा काय, किती दिवस, कुणावर तपासलं.

राहिलं घरच्यांना काय उत्तर द्यायचं ते. ग्रुपवर 'फेक आहे' असं टाकून मोकळं होऊ नकोस, त्याने समोरचा दुखावतो आणि पुढच्या वेळी तुला विचारतच नाही. मोठ्यांनी मेसेज पाठवला तो काळजीपोटी, तर फोन कर आणि बी12 चं गणित त्यांच्यासोबत बसून सोडव, त्यांना जमेल. आणि लिस्टमधल्या एखाद्या गोष्टीत खरंच दम असला तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांग.

एक काम देतो. साधं मीठ घे, सोडियम क्लोराइड, ज्यातला एक घटक पाण्यात पडला की भडका उडतो आणि दुसरा पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला होता. त्यावर दहा वाक्यं लिही, सगळी खरी आणि सगळी घाबरवणारी. मग प्रत्येक वाक्यासमोर लिही की त्यातून कुठला आकडा मुद्दाम गाळला, आणि तो आकडा शोधून भर. मीठ रोज जास्त खाल्लं तर ब्लडप्रेशर वाढतं हे पण त्यात यायला हवं, ते गाळलंस तर परत पाठवीन. रविवारपर्यंत दे, मग पुढची लेबलं आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
सर